खिडकीमागचे काम : सर्व्हर-प्रोग्रामिंगचे शिक्षण आणि आपली भाषा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आपले सर गणिताचे शिक्षक होते. त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानासाठी मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापिकेला बोलावण्यात आले, याबद्दल मी संयोजकांची ऋणी आहे. विषय मात्र मी मराठीचा निवडला नाही, यामुळे काहींना आश्चर्य वाटले असेल. जन्मभर ज्ञानेश्वरी आणि मर्ढेकर शिकवणाऱ्या बाईंचा सर्व्हरशी संबंध काय, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्या शाळेच्या इमारतीतच आहे. आपल्या माजी विद्यार्थी संघाने सुरू केलेल्या संध्याकाळच्या वर्गात मोठ्या संस्थांच्या वेब-व्यवहारांसाठी लागणारे प्रोग्रामिंग शिकवले जाते. त्या वर्गाची मराठी टिपणे तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. जे आपल्याला समजले नाही त्याची टिपणे लिहू नयेत, हा आमच्या पिढीचा दंडक. म्हणून सत्तरी जवळ आलेली असताना मी मुलांबरोबर बाकावर बसले आणि हा विषय पहिल्या धड्यापासून शिकले. आज जे बोलणार आहे ते तज्ज्ञाचे प्रवचन नव्हे. एका विद्यार्थिनीने, जी दीर्घकाळ शिक्षिकाही होती, शिकण्याविषयी केलेला तो विचार आहे.

प्रथम, हे काम म्हणजे काय ते पाहू. आपण रेल्वेचे तिकीट काढतो, बँकेत पैसे भरतो, तेव्हा एका खिडकीशी उभे राहतो. खिडकीच्या अलीकडे आपण असतो आणि पलीकडे कारकून असतो. आपण मागणी करतो, तो दप्तर पाहतो, नियम तपासतो, नोंद करतो आणि पावती देतो. संगणकाच्या किंवा मोबाईलच्या पडद्यावर जे दिसते ती खिडकी होय. खिडकी रंगवणे, तिला शोभिवंत करणे हेही कौशल्याचेच काम आहे. परंतु मागणी योग्य आहे का, मागणाराला तसा अधिकार आहे का, दप्तरात काय आहे आणि काय बदलायचे, हे सर्व खिडकीमागे ठरते. तेथे काम करणारा संगणक म्हणजे सर्व्हर, आणि त्याने कसे वागावे हे लिहून ठेवणे म्हणजे सर्व्हरकडचे प्रोग्रामिंग. मोठ्या संस्थेचा व्यवहार म्हटला की त्यात आणखी चार गोष्टी येतात : एकाच वेळी हजारो माणसे खिडकीशी उभी असतात, व्यवहारात पैसा असतो, नियम दरवर्षी बदलतात, आणि लिहिणारा नोकरी सोडून गेला तरी लिहिलेले वर्षानुवर्षे चालावे लागते.

या विद्येचा इतिहास फार लांबचा नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली युरोपातील सर्न या संशोधनसंस्थेत वेबचा प्रस्ताव मांडला. आरंभी सर्व्हर लिहून ठेवलेली पाने तेवढी काढून देई. मागणाऱ्यानुसार नवे पान रचून देण्याची शक्ती त्यात नव्हती. १९९३ साली अमेरिकेतील एनसीएसए या संस्थेत सीजीआय नावाची पद्धत निघाली, आणि सर्व्हरला दुसऱ्या प्रोग्रामकडून उत्तर तयार करून घेता येऊ लागले. तिच्यात एक अडचण होती. प्रत्येक मागणीसाठी नवा प्रोग्राम चालू करावा लागे आणि उत्तर दिल्यावर तो बंद होई. प्रत्येक गिऱ्हाईकासाठी नवा कारकून नेमायचा आणि पावती दिली की त्याला निवृत्त करायचे, असा तो प्रकार. गर्दी वाढली की ही रीत कोलमडते. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ साली जावा ही भाषा जगापुढे आणली आणि १९९७ साली सर्व्हलेटची पद्धत दिली. तीत प्रोग्राम एकदा चालू होऊन तयार राहतो आणि त्याचे अनेक धागे अनेक मागण्या एकाच वेळी हाताळतात. १९९९ च्या अखेरीस जेटूईई या नावाने मोठ्या संस्थांसाठी संपूर्ण नियमावली आली. त्याच वर्षी टॉमकॅट हा सर्व्हर अपाची प्रतिष्ठानाकडे आला आणि गरीब विद्यार्थ्यालाही फुकट मिळू लागला.

ती नियमावली जड होती. साध्या कामासाठीही पुष्कळ विधी करावे लागत. रॉड जॉन्सन यांनी २००२ साली पुस्तक लिहून त्यावर साधार टीका केली, आणि त्या पुस्तकातल्या विचारातून स्प्रिंग ही चौकट जन्माला आली. तिची पहिली पक्की आवृत्ती २००४ ची. पुढे २०१० साली ओरॅकलने सन कंपनी विकत घेतली. २०१७ साली ही नियमावली एक्लिप्स प्रतिष्ठानाकडे देण्याचे ठरले आणि २०१८ साली तिचे नाव जकार्ता झाले. २०२० च्या आवृत्तीत तर प्रोग्रामच्या आतली 'जावाएक्स' ही नावे बदलून 'जकार्ता' करावी लागली. ज्यांनी केवळ नावे पाठ केली होती, त्यांना आपण नव्या देशात आलो असे वाटले. ज्यांना सर्व्हलेट काय करतो हे कळले होते, त्यांच्या दृष्टीने घराच्या दारावरची पाटी तेवढी बदलली होती.

आजच्या माझ्या प्रतिपादनाचा पाया हाच आहे. नावे झपाट्याने बदलतात, तत्त्वे सावकाश बदलतात. शिकणाऱ्याने तत्त्वांपासून आरंभ करावा, आणि ती तत्त्वे प्रथम ज्या भाषेत तो विचार करतो त्या भाषेत समजून घ्यावीत.

यावर पालक जे विचारतात ते मी ऐकले आहे. "बाई, नोकरीच्या जाहिरातीत स्प्रिंग मागतात, तत्त्वे मागत नाहीत. तीन महिन्यांच्या शिकवणीत स्प्रिंग शिकवतात. आमच्या मुलाने वर्षभर पायाच खणत बसावे काय?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या घरात वडिलांची नोकरी गेली आहे, त्या घरी वर्ष म्हणजे केवळ बारा महिने नसतात. म्हणून पाया म्हणजे नेमके काय आणि त्याला किती वेळ लागतो, हे मी मोजूनमापून सांगण्याचा प्रयत्न करते.

पहिली गोष्ट, मागणी आणि उत्तर. ब्राउझर सर्व्हरला जे पाठवतो तो साधा मजकूर असतो, पोस्टकार्डासारखा : काय हवे, कोणत्या पत्त्यावरचे हवे, सोबत काय पाठवले आहे. उत्तराच्या माथ्यावर एक क्रमांक असतो. २०० म्हणजे काम झाले, ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर काही नाही, ५०० म्हणजे सर्व्हरच्या घरात बिघाड झाला. कोणतीही चौकट न वापरता ही देवाणघेवाण विद्यार्थ्याने एकदा डोळ्यांनी पाहावी. मग त्याला या पद्धतीचा सर्वांत विलक्षण गुण कळतो : सर्व्हरला मूळची स्मृती नसते. आत्ताच पावती घेऊन गेलेला मनुष्य पुन्हा आला, तर तो त्याला अनोळखी असतो. या विस्मरणावर १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली यांनी कुकीचा उपाय काढला. कारकून गिऱ्हाईकाच्या हाती बिल्ला देतो. गिऱ्हाईक प्रत्येक वेळी तो दाखवते. बिल्ल्याच्या क्रमांकावरून कारकून आपल्या कपाटातली त्याची पुडी काढतो. त्या पुडीला सेशन म्हणतात. बिल्ला चोरीला गेला तर चोरालाच मालक समजले जाईल, हे एवढे कळले की सुरक्षिततेचा अर्धा धडा आपोआप कळतो.

दुसरी गोष्ट, दप्तर. आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० साली माहिती तक्त्यांच्या रूपाने मांडण्याचा सिद्धान्त प्रसिद्ध केला, आणि जगाचे बहुतेक पैशाचे व्यवहार आजही त्या तक्त्यांवर चालतात. आपल्याकडच्या पेढीवरचे मुनीम कीर्द आणि खतावणी ठेवीत. एका खात्यात नावे पडले तर दुसऱ्या खात्यात तेवढेच जमा झाले पाहिजे. मध्येच दिवा गेला म्हणून अर्धी नोंद ठेवून चालत नसे. संगणकाच्या दप्तरातही हाच नियम आहे. त्याला ट्रान्झॅक्शन म्हणतात. व्यवहार एक तर संपूर्ण होतो, नाही तर मुळीच होत नाही. दप्तराचे नियम मोडत नाहीत. एकाच वेळी चाललेले दोन व्यवहार एकमेकांत मिसळत नाहीत. आणि पक्की झालेली नोंद वीज गेली तरी पुसत नाही. या चार गुणांना १९८३ साली हेर्डर आणि रॉयटर या जर्मन संशोधकांनी अ‍ॅसिड असे आद्याक्षरांचे नाव दिले.

आपल्या वर्गातल्या मुलांना यासाठी उदाहरण दूर शोधावे लागले नाही. आयआरसीटीसीवर २००२ पासून रेल्वेचे तिकीट इंटरनेटवरून मिळते. शेवटची एकच जागा उरली आहे आणि दोन गावांत दोघांनी त्याच क्षणी बटण दाबले, तर काय व्हावे? दोघांनाही "एक जागा शिल्लक" असे दिसलेले आहे. दोघांनाही ती दिली तर प्रवासाच्या दिवशी डब्यात भांडण ठरलेले. म्हणून दप्तराने एकाच्या व्यवहाराचा निकाल लागेपर्यंत त्या नोंदीला कुलूप घालावे लागते, आणि दुसऱ्याला थांबवून मग नकार द्यावा लागतो. हे कुलूप फार वेळ ठेवले तर रांग तुंबते; घातलेच नाही तर जागा दोनदा विकली जाते. मोठ्या संस्थांच्या प्रोग्रामिंगमधील निम्मे शहाणपण या दोन टोकांमधला तोल साधण्यात आहे.

तिसरी गोष्ट, विवेकाने बाळगलेला अविश्वास. खिडकीतून आलेला कोणताही कागद तपासल्याशिवाय आत घेऊ नये. नावाच्या रकान्यात कोणी नावाऐवजी दप्तराला उद्देशून आज्ञा लिहिली, आणि आपल्या प्रोग्रामने ती आपल्या वाक्यात जशीच्या तशी जोडली, तर दप्तर ती आज्ञा पाळते. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. उपाय सोपा आहे : वाक्य आधी पक्के करायचे, मोकळ्या जागा ठेवायच्या, आणि आलेला मजकूर त्या जागांत केवळ मजकूर म्हणून भरायचा. आम्हा भाषेच्या माणसांना हा भेद चटकन कळतो. अवतरणचिन्हांच्या आतले वाक्य आणि बाहेरचे वाक्य यांतला तो भेद आहे. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे नावाच्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या जावाच्या एका साधनात असाच दोष उघडकीस आला. त्या साधनाचे काम केवळ घडामोडींची रोजनिशी लिहिण्याचे. परंतु रोजनिशीत उतरवायच्या मजकुरात विशिष्ट रचनेची आज्ञा असेल, तर ते लिहिता लिहिता ती पाळूही लागे, आणि बाहेरच्या यंत्राकडून प्रोग्राम मागवून चालवी. अवतरण आणि आज्ञा यांची गल्लत झाल्यामुळे जगभरच्या संस्थांना धावपळ करावी लागली. आपण स्वतः लिहिलेल्या चार ओळींइतकीच दुसऱ्यांकडून उसन्या घेतलेल्या चारशे साधनांचीही जबाबदारी आपल्यावर असते, हा त्याचा बोध.

चौथी गोष्ट, वाचन. प्रोग्राम चुकला की जावा पायऱ्यांची एक लांब यादी समोर टाकते. नवा विद्यार्थी ती पाहून घाबरतो आणि पडदा बंद करतो. खरे तर ती यादी म्हणजे प्रामाणिक साक्षीदाराची जबानी असते : कोणत्या ओळीतून कोणती ओळ बोलावली गेली आणि कोठे अडले. तीत 'कॉज्ड बाय' हे शब्द शोधावेत. ते अनेकदा येतात, आणि सर्वांत खालचे बहुधा मूळ कारणाजवळ नेते. नंतर आपल्या स्वतःच्या प्रोग्रामचे नाव जेथे प्रथम दिसेल तेथे थांबावे. आमच्या वर्गात एक मुलगी होती. इंग्रजीची तिला धास्ती होती, पण मराठी उताऱ्याचे आकलन उत्तम. या जबान्या वाचण्यात ती सगळ्यांच्या पुढे गेली. कारण शब्द दहा-वीसच असतात, ते शिकता येतात. सावकाश, ओळ न गाळता वाचण्याची सवय मात्र आधीची असावी लागते, आणि ती तिला याच शाळेत लागली होती.

पाचवी गोष्ट, चौकट. ती शेवटी. स्प्रिंगच्या केंद्रस्थानी असलेला विचार साधा आहे. प्रत्येक कामगाराने आपली हत्यारे स्वतः घडवू नयेत. त्याला काय लागते ते त्याने सांगावे आणि व्यवस्थापकाने ते त्याच्या हाती आणून द्यावे. त्यामुळे उद्या खऱ्या दप्तराऐवजी परीक्षेपुरते खोटे दप्तर देऊन त्या कामगाराचे काम तपासता येते. ज्याने पहिल्या चार गोष्टी हातांनी केल्या आहेत, त्याला या सोयीची किंमत कळते. ज्याने केल्या नाहीत, त्याला ती जादू वाटते. आणि जादू बिघडली की दुरुस्त करता येत नाही.

वेळेचे म्हणाल, तर आमच्या वर्गाचा हिशेब असा. आठवड्यातून तीन संध्याकाळी, दोन-दोन तास. जावा भाषेची तोंडओळख आधी झालेली असेल तर पहिल्या चार गोष्टींना सहा महिने लागतात आणि चौकटीला तीन. म्हणजे पालकांना तीन महिन्यांचे आमिष दाखवले जाते तेथे आम्ही नऊ मागतो. वरच्या सहा महिन्यांत विद्यार्थ्याला जे मिळते ते चौकटीचे नाव बदलल्यावरही त्याच्याजवळ राहते. घरची निकड असेल त्याने हाती येईल ती नोकरी अवश्य धरावी. मात्र पायाचे सहा महिने त्याने संध्याकाळी पुरे करावेत, सोडून देऊ नयेत, एवढाच माझा आग्रह आहे.

आता भाषेकडे येते. आपली शाळा गुजरातेत असून मराठी माध्यमाची आहे. मुले घरी मराठी, रस्त्यावर गुजराती आणि दूरदर्शनच्या संस्कारामुळे हिंदी बोलतात. संगणकाचे शिक्षण इंग्रजीतच व्हावे, असा एक समज आहे. आणि ते शुद्ध मराठी परिभाषेतच व्हावे, असा दुसरा. दोन्ही टोके मला मान्य नाहीत. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश रचला गेला, त्यात राज्यकारभारातल्या सुमारे १४०० फारसी-अरबी वळणाच्या शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. त्यांतले काही रुळले. पण कारकून, दप्तर, जमा, खर्च, हिशेब हे शब्द आजही मराठीत सुखाने नांदत आहेत आणि त्यांचे मूळ कोणी विचारीत नाही. आपल्या बडोद्याचा वारसा तर याहून जवळचा आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, आणि कारभाराचे शब्द रयतेला कळावेत म्हणून त्यांच्या आश्रयाने 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' हा बहुभाषी कोश १९३१ साली प्रसिद्ध झाला. शब्द कोणत्या भाषेतून आला यापेक्षा तो ज्याच्यासाठी आहे त्याला समजला का, ही कसोटी त्या परंपरेने आपल्याला दिली आहे.

त्याच कसोटीने आमच्या टिपणांत सर्व्हर, रिक्वेस्ट, सेशन हे शब्द तसेच ठेवले आहेत, कारण नोकरीच्या ठिकाणी मुलांना तेच ऐकायचे आहेत. परंतु त्यांचे स्पष्टीकरण, त्यांचा कार्यकारणभाव, 'असे का?' या प्रश्नाचे उत्तर, हे सर्व मराठीत आहे. जावा भाषा प्रोग्राममधील नावे देवनागरीतही लिहू देते, हे ऐकून मुलांना फार आनंद झाला होता. शिकताना हा प्रयोग जरूर करावा. पण संस्थेचा प्रोग्राम दहा प्रांतांतली माणसे मिळून लिहितात; तेथे सर्वांना वाचता येईल असे नाव द्यावे, हे सहकार्याचे सौजन्य आहे. विचार मराठीत, लेखन सर्वांच्या लिपीत, यात मला विसंगती दिसत नाही.

मात्र एका ठिकाणी आपली भाषा सौजन्याने मागे राहू शकत नाही. ते ठिकाण म्हणजे माणसाचे नाव. आमच्या वर्गाने अभ्यासासाठी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची नोंदवही आणि देणगीची पावती यांचा प्रोग्राम लिहायला घेतला. नावे देवनागरीत हवीत, असे ठरले. त्यासरशी जे प्रश्न उभे राहिले, ते कोणत्याही इंग्रजी पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात नव्हते.

युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ जागांचा एक गट आहे. यूटीएफ-८ या सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरी वर्णाला तीन. रकान्याची लांबी बाइटमध्ये मोजली असेल, तर इंग्रजी नाव मावते आणि मराठी नाव मावत नाही. दप्तर जुन्या पद्धतीच्या अक्षरसंचावर बेतलेले असेल, तर नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटते. हे दोष निस्तरता येतात. त्याहून सूक्ष्म दोष 'कुऱ्हाडे' या आडनावाने दाखवला. यातला अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो : एकदा खाली टिंब असलेल्या 'ऱ'ला हलन्त देऊन, आणि एकदा साध्या 'र'ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडखूण देऊन. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. यंत्राच्या लेखी ही दोन निराळी आडनावे आहेत. युनिकोडची ठरीव एकरूपतेची प्रक्रिया चालवली तरी हा भेद मिटत नाही. परिणामी एका पद्धतीने नोंदलेला विद्यार्थी दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडत नाही. 'ॲ' या अक्षराचीही तीच कथा : ते २००८ साली स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये आले, त्यापूर्वी ते 'अ'वर चंद्र देऊन लिहीत, आणि दोन्ही रूपे आज दप्तरांत एकत्र नांदतात.

यादीचा क्रमही असाच. युनिकोडच्या तक्त्यात 'ळ' हा 'ल'च्या शेजारी आहे. आपल्या वर्णमालेत तो 'ह'च्या पुढे. 'क्ष' आणि 'ज्ञ' आपण शेवटी मोजतो. यंत्र त्यांना 'क' आणि 'ज' यांच्या पोटात घालते. म्हणून नावे केवळ वर्णांच्या संख्यांनुसार लावली, तर क्षीरसागर कुलकर्ण्यांच्या मागेपुढे येतात आणि ज्ञानेश्वर जयवंताच्या शेजारी जाऊन बसतो. भाषेनुसार क्रम लावण्याची साधने आहेत. पण ती वापरायला हवीत हे ज्याला आपली वर्णमाला ठाऊक आहे त्यालाच सुचते.

आपण म्हणाल, एवढ्याशा अदृश्य खुणेचे काय मोठे? विचार करा. ज्या दप्तरात नाव सापडत नाही, त्या दप्तराच्या दृष्टीने तो मनुष्य नसतोच. शिष्यवृत्ती, निवृत्तिवेतन, जमिनीचा उतारा, रुग्णालयातला कागद, सर्व ठिकाणी "नाव जुळत नाही" हे तीन शब्द माणसाला पुन्हा रांगेच्या शेवटी पाठवतात. आपल्यासारख्या परप्रांतात वसलेल्या मराठी माणसांची नावे तर मराठी, गुजराती आणि इंग्रजी अशा तीन लिप्यांतून फिरतात आणि प्रत्येक वळणावर थोडी झिजतात. खिडकीमागे बसून हे नियम लिहिणाऱ्यांत 'कुऱ्हाडे' हे आडनाव अचूक लिहू शकणारे कोणी असावे, ही अस्मितेची घोषणा नव्हे. ती व्यवहाराची गरज आहे. आणि म्हणून आपल्या मुलांनी हे काम शिकावे असे मला वाटते.

शेवटचा प्रश्न सध्याच्या काळाचा. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी लोकांपुढे आले आणि त्यानंतर प्रोग्राम लिहून देणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली. मुले विचारतात, "बाई, यंत्रच लिहून देते, तर आम्ही का शिकायचे?" आम्ही वर्गात याचा प्रयोग केला. देणगीच्या पावतीचा प्रोग्राम यंत्राकडून लिहून घेतला. तो सुबक होता आणि पहिल्याच खेपेस चालला. मग मुलांना मी एकच प्रश्न विचारला : देणगीदाराने उतावीळपणे बटण दोनदा दाबले तर? प्रोग्रामने दोन पावत्या केल्या आणि पैसे दोनदा मांडले. ज्या मुलांनी पहिल्या दोन गोष्टी नीट केल्या होत्या, त्यांनी उपाय लगेच सांगितला. अर्जाबरोबर एकदाच चालणारा क्रमांक द्यावा, आणि तो क्रमांक दप्तरात दुसऱ्यांदा घेऊच नये असा नियम दप्तरावरच घालावा. तो उपाय त्याच यंत्राने मग दोन क्षणांत लिहूनही दिला. यंत्राला लिहिता येते. काय विचारायचे हे मात्र जाणत्यालाच सुचते. कीर्द वाचता न येणाऱ्या मालकाची पेढी मुनीमाच्या मर्जीवर चालते, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. मुनीम लोखंडी झाला म्हणून त्यात काही फरक पडत नाही.

मित्रहो, सभागृहात आज असे अनेक माजी विद्यार्थी आहेत जे पुण्यात, बंगळूरमध्ये, परदेशात हेच काम करून मोठे झाले आहेत. त्यांच्याकडे माझ्या तीन मागण्या आहेत. महिन्यातून दोन तास द्या आणि वर्गातल्या एका मुलाने लिहिलेला प्रोग्राम ओळ न ओळ वाचून त्यावर शेरे लिहा. नव्या व्याख्यानापेक्षा तपासलेल्या वहीने मनुष्य अधिक शिकतो. आपल्या कचेरीत पडून असलेले, नियमाने देता येण्यासारखे जुने संगणक शाळेला द्या. टॉमकॅट आणि दप्तराचा फुकट मिळणारा प्रोग्राम त्यावर उत्तम चालतात. आणि टिपणांतले मराठी तपासा. जेथे ते अवघड झाले असेल तेथे सोपे करा, जेथे चुकले असेल तेथे खोडा.

सर फळ्यावर उत्तर कधी आधी लिहीत नसत. रीत लिहीत आणि उत्तर मुलांकडून काढून घेत. खिडकीमागच्या या कामाची रीत त्यांच्या शाळेत, त्यांच्या भाषेत शिकवली जात राहावी, यापरते त्यांचे दुसरे स्मारक मला सुचत नाही.